तसबिरीपासून बिनतारी फ्रेमपर्यंत

आमच्या बेळगावच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर एक लांब, चौकोनी डोक्याचा खिळा आहे. आजोबांनी घर बांधले तेव्हा ठोकलेला. या खिळ्यावर आधी लक्ष्मीची तसबीर होती. ती जीर्ण झाल्यावर 1974 साली आमच्या कुटुंबाचा फोटो आला. आता खिळा रिकामा आहे आणि त्याच्या खाली, फळीवर, एक बिनतारी फ्रेम उभी आहे. तिला खिळा लागत नाही. विजेची पिन लागते, वाय-फाय लागते आणि एक पासवर्ड लागतो. या तिसऱ्या वस्तूने 2025 च्या पितृपक्षात आमच्या घरी जे घडवले, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. मी इतिहासाचा शिक्षक. काही बिघडले की आधी मागे जाऊन पाहायचे, ही माझी खोड आहे. वाचकांनी ती थोडी सोसावी.

तसबीर हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की देवघरात त्याच्यावाचून चालत नाही. पण आज ज्याला आपण तसबीर म्हणतो ती घरोघर पोचली ती छापखान्यामुळे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील चित्रे येण्याआधी देवादिकांची चित्रे चितारी रंगवून देत आणि ती वाड्यांत, मठांत असत. छापील लक्ष्मी आणि सरस्वती कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या घरी आल्या. त्या काळच्या गिऱ्हाइकाचा या चित्राशी संबंध कसा होता, हे एका गोष्टीवरून कळते. पुष्कळ घरांत बायका त्या छापील देवीच्या पातळाच्या काठावर खरी जर चिकटवीत, दागिन्यांवर टिकल्या लावीत. आमच्या लक्ष्मीच्या मुकुटाला आजीने लावलेले मणी मी स्वतः पाहिले आहेत. चित्र छापणाऱ्याने त्याला कधी हरकत घेतली नाही. घेणार कशी? विकले की त्याचा संबंध संपला.

फोटोचे प्रकरण थोडे निराळे. 1839 साली पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली आणि वर्षभरात ती कलकत्त्याला पोचलीसुद्धा. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पण आपल्या बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांना जवळचे वाटेल असे नाव लाला दीनदयाळांचे. मेरठजवळच्या सरधन्याचा हा माणूस, रुरकीला शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'राजा' दीनदयाळ म्हणून प्रसिद्धी पावले. हैदराबादेत त्यांनी 1892 साली केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तिथे पडद्यातल्या बायकांचे फोटो एक इंग्रज बाई काढत असे. गिऱ्हाइकाची अडचण ओळखणे म्हणतात ते हे!

या धंद्यात एक गोम होती. गिऱ्हाईक पैसे देऊन घरी नेई ती कागदावरची प्रत. काचेची निगेटिव्ह स्टुडिओकडेच राही. तिच्यावर नंबर असे, तोच नंबर पुष्कळदा प्रतीच्या पाठीवर. प्रत फाटली, हरवली, लेकीला सासरी एक हवी झाली, तर स्टुडिओचा जिना पुन्हा चढावा लागे. म्हणजे आपल्या आठवणीचा मूळ साचा परक्याच्या कपाटात ठेवण्याची पद्धत काही कालपरवाची नाही. दीनदयाळांच्या अडीच हजारांवर काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आज सुरक्षित आहेत. सगळ्यांचे नशीब तसे नव्हते. गावोगावचे स्टुडिओ बंद पडले तेव्हा कित्येक काचा खरवडून, धुऊन दुसऱ्याच कामाला लागल्या.

आमचा 1974 चा फोटो असाच एका स्टुडिओतला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो आणि मला त्यातले दोनच प्रसंग आठवतात. एक, मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना खरा समजून मी चढायला गेलो. दुसरा, फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोके बाहेर काढून "हालू नको हं" म्हटले आणि थोरल्या भावाने त्याच क्षणी मला चिमटा काढला. फोटोत माझे तोंड वाकडे आहे ते त्यामुळे. बाबा खुर्चीवर, कोट घातलेले. प्राथमिक शाळेतल्या मास्तरांकडे कोट कुठला? तो स्टुडिओचाच होता. आई शेजारी उभी, डोक्यावर पदर. दोन प्रती काढल्या. एक खिळ्यावर गेली, एक आत्याबरोबर इंदूरला.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. फोटो घरच्या घरी काढण्याची सोय लोकांच्या हाती दिली ती जॉर्ज ईस्टमनने. 1888 चा त्याचा कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरचा. आत शंभर फोटोंची फिल्म भरलेली यायची. शंभर संपले की अख्खा कॅमेरा कारखान्याला पाठवायचा, सोबत दहा डॉलर. फोटो धुऊन, कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून तो परत यायचा. ग्राहकाने फक्त बटण दाबावे, बाकीचे कंपनी पाहील, असा त्याचा व्यवहार होता. हे 'बाकीचे' फार मोठे आहे. वस्तू एकदाच विकायची आणि सेवेचे पैसे पुन्हा पुन्हा घ्यायचे, ही आजची रीत पाहायला सव्वाशे वर्षे मागे गेले तरी चालते.

गंमत अशी की याच कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरने 1975 साली फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत आणि ते टीव्हीच्या पडद्यावर पाहावे लागे. फोटो पाहायला कागद लागणार नाही, ही कल्पना कंपनीतल्या वरिष्ठांना तेव्हा रुचली नाही. फिल्म आणि कागद विकणाऱ्यांना ती रुचावी तरी कशी?

डिजिटल कॅमेरे बाजारात आले आणि फोटो संगणकात अडकून पडू लागले. नातवाचे फोटो आहेत, पण आजीला संगणक येत नाही, हा प्रश्न अमेरिकेतल्या घरांतही आपल्यासारखाच होता. त्यावर 2000 साली सेईव्हा नावाच्या कंपनीने एक फ्रेम काढली. तेव्हा वाय-फाय घरोघर नव्हते. ही फ्रेम टेलिफोनच्या तारेला जोडायची. रात्री सगळे झोपले की ती आपण होऊन फोन लावी, कंपनीकडे जमा झालेली नवी चित्रे उतरवून घेई आणि सकाळी आजीला नवे फोटो दिसत. आजीला काहीच करावे लागत नसे. मला ही कल्पना आजही सुंदर वाटते. आमच्याकडे दूधवाला पहाटे येऊन पातेल्यात दूध घालून जाई, कोणाला उठवत नसे, त्यातली ही गत. मात्र दुधाच्या रतिबासारखी याचीही वर्गणी होती. खोक्याचे पैसे वेगळे, वर्गणी वेगळी.

पुढे सपाट पडदे स्वस्त झाले. 2007-08 च्या सुमारास अशा फ्रेमांची नाताळची भेट म्हणून लाटच आली. त्या बहुतेक बिनतारी नव्हत्या. मेमरी कार्ड घालायचे किंवा संगणकाला जोडायच्या. ग्राहकांना काय अनुभव आला? 2008 च्या जानेवारीत बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीला कबूल करावे लागले की त्यांच्या इन्सिग्निया नावाच्या काही फ्रेमांमध्ये कारखान्यातूनच विषाणू शिरला होता. फ्रेम संगणकाला जोडली की तो संगणकात जाई. लाकडी चौकटीला फार तर वाळवी लागे, आणि ती शेजारच्या टेबलाला लागायला चार महिने तरी घेई.

मग आली वाय-फायची फ्रेम. कोडॅकने स्वतः अशा फ्रेमा काढल्या, इतरांनीही काढल्या. त्यांतल्या पुष्कळांना चित्रे, बातम्या, हवामान पुरवण्याचे काम फ्रेमचॅनल नावाची तिसरीच एक सेवा करीत असे. ग्राहकाने दुकानात फ्रेमचे नाव पाहून पैसे मोजले होते. या मधल्या सेवेचे नाव कित्येकांना ती बंद पडली तेव्हाच नीट कळले असेल. 2011 साली ती बंद पडली. फ्रेम शाबूत, पडदा शाबूत, घरातले वाय-फाय शाबूत, आणि येणारी चित्रे बंद. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2012 मध्ये, कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फेब्रुवारीत जाहीर केले की डिजिटल कॅमेरे आणि फोटो फ्रेमा या धंद्यातून आपण बाहेर पडत आहोत. शतकभर ज्या नावावर जगाने आपली बारशी आणि लग्ने सोपवली, त्या कंपनीची ही कथा.

अलीकडची उदाहरणे याहून वेगळी नाहीत. ॲमेझॉनने 2023 साली आपल्या पडद्याच्या यंत्राची एक खास फोटोंसाठीची आवृत्ती थोड्या जास्त किमतीला विकली. तिच्यावर फोटो सतत दिसत राहतील ही तिची खासियत. वर्षभरातच, 2024 मध्ये, ती सोय काढून घेतली. 31 मार्च 2025 पासून गूगलने आपल्या फोटोंच्या साठ्याला इतर कंपन्यांच्या वस्तू कशा जोडल्या जाव्यात याचे नियम बदलले. 'गूगलमध्ये या अल्बमात फोटो टाकला की आपोआप आजीच्या फ्रेमवर' अशी जी व्यवस्था कित्येक घरांनी एकदा लावून ठेवली होती, ती त्या दिवसापासून पूर्वीसारखी चालेना. गूगलचे कारण खाजगीपणाचे होते आणि ते खोटे म्हणता येणार नाही. पण आजीला ते कोणी सांगायचे?

या सगळ्यामागचे यंत्र कसे चालते ते सोप्या शब्दांत सांगतो, कारण मलाही ते उशिराच कळले. मी माजघरात बसून माझ्या मोबाईलवरून समोरच्या फ्रेमवर फोटो पाठवतो, तेव्हा तो फोटो माजघर ओलांडून जात नाही. तो घरातल्या राउटरमधून बाहेर पडतो, कंपनीच्या दूरच्या संगणकात जाऊन जमा होतो, तिथे नोंद होते आणि मग फ्रेम तो मागून आणते. आईच्या खुर्चीपासून फ्रेम चार हातांवर, पण फोटोला कदाचित समुद्र ओलांडून यावे लागते. दीनदयाळांच्या काळी निगेटिव्ह स्टुडिओत आणि प्रत घरी असे. इथे निगेटिव्हही तिथेच आणि प्रत दाखवायची की नाही हेही तिथेच ठरते.

आता आमच्या गल्लीत येतो.

आमच्याकडची फ्रेम डिसेंबर 2022 मध्ये आली. भाऊ बडोद्याला स्थायिक, त्याचा मुलगा न्यू जर्सीत. तो सुटीवर आला तेव्हा आजीसाठी घेऊन आला. चपट्या दांड्यांची पिन आमच्या बोर्डात बसेना, म्हणून बाजारातून जोडपिन आणली. पुतण्याने पंधरा मिनिटांत सगळे लावून दिले आणि जाताना विमानतळावरून एक फोटो पाठवला. तो आईच्या डोळ्यांसमोर उमटला तेव्हा ती उठून फ्रेमच्या मागे पाहून आली. एक्याऐंशी वर्षांची बाई, पण टाळी वाजवली तिने! त्यानंतर पणतीचा पहिला दात, पहिले पाऊल, बर्फात बसून केलेला गणपती, सगळे आईने त्या त्या दिवशी पाहिले. फोन तिला नीट ऐकू येत नाही. फ्रेमशी मात्र तिचे बोलणे चाले. "अगं, टोपी घाल की," असे ती पणतीला रोज सांगायची. या वस्तूची मी पुढे जी निंदा करणार आहे ती वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आमचे पाहून गल्लीत आणखी तीन-चार फ्रेमा आल्या आणि हेडमास्तर म्हणून त्यांच्या तक्रारी माझ्याकडे. शेजारच्या काकू एका सकाळी दारात. "सर, हे काय करायलंय बघा की. काल रात्रीपासनं नुस्तं गोल गोल फिरायलंय." त्यांच्या मुलाने नवा राउटर बसवला होता. बऱ्याच फ्रेमा वाय-फायच्या दोनांपैकी जुन्या पट्ट्यावरच चालतात आणि मुलाने जोडली होती नव्या पट्ट्याला. हे शोधायला मला एक रविवार लागला. कोपऱ्यावरचे निवृत्त सुभेदार रोज रात्री नऊला फ्रेमची पिन काढून ठेवतात. त्यांचे म्हणणे, छावणीत दिवे गेले की दिवे गेले. पलीकडच्या कानडी आज्जींना नात नाचाचे फोटो पाठवते, खाली कन्नडमध्ये दोन ओळी लिहिते. त्या ओळींच्या जागी नुसते चौकोन उमटतात. आमच्याकडे मराठी ओळींच्या जागी तेच चौकोन. सीमाभागात दोन्ही भाषांना अगदी समान वागणूक देणारे यंत्र मी तरी हे पहिलेच पाहिले.

आता त्या 1974 च्या फोटोकडे. 2019 च्या ऑगस्टचा पाऊस बेळगावकर विसरणार नाहीत. आमच्या माजघराची भिंत आतून पाझरली. खिळ्यावरच्या फ्रेमचा मागचा पुठ्ठा भिजला आणि फोटो काचेला चिकटला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो ओला होऊन वाळला की काच आणि फोटो एक होतात. मी सोडवायला गेलो आणि बाबांच्या कोटासकट अर्धा थर काचेवर राहिला. सुदैवाने मुलीने पूर्वी कधीतरी भिंतीवरच्या त्या फोटोचा मोबाईलने फोटो काढला होता. कोपऱ्यात ट्यूबलाईटचा पांढरा पट्टा उमटला होता, पण माणसे स्पष्ट होती. फ्रेम आली तेव्हा पुतण्याने तो मुलीच्या मोबाईलवरून घेऊन आधी चढवला. पुढे मुलीचा मोबाईल बदलला. कोणाला काही वाटले नाही, कारण फोटो तर रोज समोर दिसत होता.

बाबांना जाऊन सोळा वर्षे झाली. फ्रेम आल्यापासून आईचा नेम झाला की सकाळी देवपूजेतले एक फूल बाबांना वाहायचे. पण फ्रेममध्ये फोटो बदलत राहतात. ती फूल हातात धरून उभी राही. पणती येई, नायगाराचा धबधबा येई, पुतण्याचा कुत्रा येई. बाबा आले की ती चटकन फूल ठेवी. एकदा तिचा हात पोचेपर्यंत कुत्रा परत आला आणि फूल त्याला मिळाले. आम्ही हसलो. ती हसली नाही. मग मी पुतण्याला सांगून सकाळी सात ते आठ फक्त तोच फोटो राहील असे करता येते का विचारले. त्याने काहीतरी केले आणि बाबा सकाळी जास्त वेळा येऊ लागले.

जुलै 2025 मध्ये आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली. नवा राउटर, नवा पासवर्ड. फ्रेम नव्या जोडणीला आली, पण खात्यात पुन्हा शिरा म्हणू लागली. खाते पुतण्याच्या ईमेलवर आणि तो ईमेल त्याच्या ऑफिसचा. त्याने 2024 मध्ये नोकरी बदलली होती. जुन्या ऑफिसने रिवाजाप्रमाणे त्याचा पत्ता बंद केला होता. खात्रीसाठीचा आकडा त्या बंद पत्त्यावर जाई. त्याने फ्रेमच्या कंपनीला लिहिले. उत्तर आले की ज्या पत्त्यावरून खाते उघडले त्याच पत्त्यावरून विनंती करावी. राग आला खरा, पण विचार केला तर त्यांचे तरी काय चुकले? उद्या कोणीही उठून 'तो फोटो माझ्या बापाचा' म्हणेल आणि ते देऊन मोकळे झाले तर?

तोपर्यंत फ्रेमच्या पोटात उतरलेले जुने फोटो दिसत होते, बाबाही दिसत होते. नवे येत नव्हते इतकेच. पणतीचे फोटो आले नाहीत म्हणून आई रोज विचारी. पितृपक्ष तोंडावर आला, बाबांच्या तिथीला भाऊ येणार होता, त्याच्या आत हे लावून टाकावे म्हणून एका संध्याकाळी मी कामाला बसलो. यंत्राच्या मागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी दाबून धरली की ते पहिल्यापासून सुरू होते, असे कुठेसे पाहिले होते. आईच्याच पदराची टाचणी घेतली. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी 'होय' दाबले.

त्या ओळी काय होत्या हे मला दाबल्यावर समजले. सगळे फोटो पुसले जातील, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा, हे मी तीस वर्षे परीक्षेच्या सभागृहात सांगत आलो आहे.

तिथीच्या सकाळी आई फूल घेऊन आली. पडद्यावर 'स्वागत' या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि भाषा निवडण्याची यादी. यादीत मराठीही नव्हती, कन्नडही नव्हती. ती थोडा वेळ उभी राहिली. तिला वाटले, अजून बाबांची पाळी यायची आहे. "आज उशीर झाला वाटतं यांना," म्हणाली. मी खोटे बोललो नाही. सांगितले. ती काही बोलली नाही, फूल नेऊन रिकाम्या खिळ्याखाली फळीच्या कडेवर ठेवले. भाऊ आल्यावर त्याला माझ्याविषयी बोलली एवढेच, आणि ते मी बाहेरून ऐकले: "त्याला ओरडू नको. आधीच त्याचं तोंड वाकडं झालंय."

बाबांचे दुसरे फोटो नाहीत असे नाही. निवृत्तीच्या समारंभातला आहे, रेशनकार्डावरचा आहे. पण आई आणि बाबा एका चौकटीत, असा तो एकच होता. त्या काळी नवराबायकोने फोटो काढून घ्यायला निमित्त लागे.

स्टुडिओकडे जाऊन आलो. तिथे आता मोबाईलची कव्हरे मिळतात. काचांविषयी विचारले तर दुकानातल्या मुलाला निगेटिव्ह काचेची असे हेच नवल वाटले. मग इंदूर आठवले. आत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, जुन्या घरातून फ्लॅटमध्ये येताना पुष्कळ काही टाकले, पण पाहतो. महिन्याभराने त्याचा फोन आला. आत्याच्या लोखंडी ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, जाड कागदात गुंडाळलेला फोटो होता. काचेशिवाय, चौकटीशिवाय. उजेड नाही, ओल नाही. एकावन्न वर्षांत त्याला काही झाले नव्हते. त्याने टपालाने पाठवला. मी पाकीट फोडले ते हात धुऊन, पुसून. पाठीवर पेन्सिलीने नंबर होता. त्या नंबराची काच आता कुठे नाही.

आमच्या खडे बाजारात एक काचवाला चौकटी करून देतो. फोटो काचेला टेकू देऊ नको, मधे जाड कागदाची पट्टी घाल, मागचा पुठ्ठा भिंतीपासून थोडा सुटा राहू दे, असे मी त्याला शिकवू लागलो. त्याने सगळे ऐकून घेतले. त्याच्या मागे भिंतीला तशाच पट्ट्या घातलेल्या दहा-बारा फ्रेमा टेकवून ठेवलेल्या होत्या, त्या मला नंतर दिसल्या. "नाळि बर्री, सर," म्हणाला. उद्या या. उद्या म्हणजे चौथ्या दिवशी, हे बेळगावात कोणाला सांगायला नको.

बिनतारी फ्रेमही पुन्हा चालू केली. या वेळी खाते माझ्या स्वतःच्या पत्त्यावर. पासवर्ड वहीत लिहिला आणि वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. ती कुठे आहे हे बायकोला, मुलीला आणि शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवले आहे. पुतण्याला सांगितले की चांगले वाटतील ते फोटो वर्षातून एकदा कागदावर छापून पाठव. त्याने पहिला गठ्ठा पाठवला, त्यात कुत्र्याचे सात आहेत.

चौथ्या दिवशी फोटो आणला आणि आजोबांच्या खिळ्यावर टांगला. आईने खुर्ची ओढून जवळ घेतली, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना तो कोट खांद्यात आखूड होता. इतकी वर्षं मला दिसलंच नव्हतं."